सोपानतात्यांचं नाक

हातात येईल त्या गोष्टीचा सोपानतात्या आधी वास घेत. लग्नपत्रिकेचा, रेशनच्या ज्वारीचा, औषधाच्या रिकाम्या बाटलीचा. एकदा गावात नव्याने आलेल्या ग्रामसेवकाचाही घेतला. "साहेब वरून कडक हाईत, पण सकाळपासनं उपाशी हाईत. भाकरी आणा," असा निकाल दिला, आणि ग्रामसेवकाने खरोखरच तीन भाकरी खाल्ल्या.

तात्या नांदूरघाटात घोंगड्या विणत. जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून मागावर बसत. लोकरीचा झुबका नाकाशी धरला की मेंढरं कुणाची आणि कुठं चरलेली, हे सांगून टाकत. "ही धारूरच्या डोंगरातली. बाभळीच्या शेंगा लई खाल्ल्यात." धनगर लांबून येत, पोतं टाकत आणि निकाल ऐकायला बसून राहत. शेवटी ठरलेलं वाक्य यायचं, "नाक खोटं बोलत न्हाई."

एकदा विणकरांच्या प्रशिक्षणाचे साहेब यंत्र घेऊन आले. त्याखाली लोकरीचा धागा ठेवला की पडद्यावर दोरखंडाएवढा दिसे. साहेब धाग्याची जाडी सांगत होते तेव्हा तात्यांनी वाकून यंत्राचाच वास घेतला. "साहेब, ह्याला ऊन दाखवा. आत ओल धरलीय." साहेब हसले. दुपारी पडदा काळा पडला. तात्यांनी यंत्र उचलून अंगणात घोंगडीवर वाळत घातलं आणि ते सुताला लावायची चिंचोक्याची खळ शिजवायला निघून गेले.

असा माणूस दोन वर्षांपूर्वी तापातून उठला आणि थेट मोबाइल घेऊन आला. आता पोतं आणणाऱ्या प्रत्येकाला ते पोत्याशेजारी ताठ उभं करत. "नाव बोल. गाव बोल. मेंढरं कुठं चरली ते बोल."

"काहून, तात्या? तुमाला तर वासानंच कळतंय."

"मला कळतंय बे. मोबाइलला कुठं कळतंय? त्याला शिकवायलोय."

गावाला हे पटलं.

मागच्या महिन्यात माझे आबा गेले. जन्मभर ते मेंढरांमागे फिरले, आणि मी शाळेत मास्तर झालो. मेंढरं चुलतभावाकडे गेली. शेवटच्या कातरणीचं एक पोतं आबांनी तात्यांकडे टाकलं होतं, एवढंच आईला माहीत होतं. मला त्याच लोकरीची घोंगडी हवी होती. दुसऱ्या कुणाची विणून दिली असती तरी मला ओळखता आली नसती, आणि तेच मनाला खात होतं.

तात्यांच्या छपरात वीसेक पोती होती. सगळी सारखी, फक्त तोंडाच्या दोऱ्या वेगळ्या. तात्यांनी पहिल्या पोत्यात तोंड खुपसून खोल श्वास घेतला. "थांब, पाणी पिऊन येतो." दुसऱ्या पोत्यानंतर पुन्हा पाणी. तिसऱ्यानंतरही. मला त्यांच्या तब्येतीची काळजी वाटू लागली.

चौथ्यांदा ते आत गेले आणि आतून आबांचा आवाज आला.

आबा बोलत नव्हते, ओरडत होते. मोबाइल म्हणजे पलीकडच्या टेकडीवरचा माणूस, असा त्यांचा समज होता. "नाव बिरू! गाव नांदूरघाट! निळ्या दोरीचं पोतं माजं! वर कोकराची पैली कातरण हाय, मऊ हाय, ती माज्या मास्तरला! पुस्तक घिऊन बसलं की पांघरायचं इसरतंय येडं!"

मी दारात जाऊन उभा राहिलो. तात्यांनी मला पाहिलं आणि मोबाइल पालथा घातला.

"दोन वर्सं झाली," ते म्हणाले. "तापात वास गेला. खळ करपली तरी कळंना."

"मग सांगायचं की, तात्या."

"कुणाला सांगू? तुजी काकू गेल्यापासनं घरात ह्या मागाबिगर कोण बोलतंय? माणसं येत्यात ती नाकासाठी. नाक गेलं म्हणलं तर कोण येणार हाय?"

बाहेर येऊन मी निळी दोरी सोडली. तात्या माझ्यामागे येऊन उभे राहिले.

"मास्तर, वास घिऊन सांग की. कसा येतोय?"

मी पोत्यात तोंड खुपसलं. आधी नुसती लोकर. मग एकेक सांगत गेलो. धूळ. आंबूस दूध. वाळलेल्या शेंगा. चुलीचा धूर. तात्या डोळे मिटून, नाकपुड्या फुगवून ऐकत होते.

"बिडी येतीय का?"

माझं नाक कधीच बंद झालं होतं. डोळ्यांतलं सगळं त्यात उतरलं होतं.

"येतेय," मी म्हणालो.

"मंग बिरूचीच," तात्या दोरीला गाठ मारत म्हणाले. "नाक खोटं बोलत न्हाई."