वाकडी बाही

शिंप्याच्या त्या दुकानात कापायचं टेबल म्हणजे सिंहासन, आणि मास्तरांनी ते एका सोमवारी नव्या कारागिराला देऊन टाकलं. वीस वर्षं त्याच टेबलाकडे डोळे लावून मशीन चालवणारे तात्या दुकानात काहीच बोलले नाहीत. घरी बोलले. बायको म्हणाली, आता गप्प बसा. तेव्हाच त्यांनी गप्प न बसायचं ठरवलं.

मास्तरांची बायको, म्हणजे दुकानाच्या वहिनी, घरी काजं करून दुपारी कपडे आणून द्यायच्या. नवा कारागीर त्यांना बसायला स्टूल द्यायचा. तात्यांनी तेवढंच धरलं. मी काही म्हणत नाही, असं म्हणत ते रोज मास्तरांचे कान भरू लागले. वहिनींचा स्वभाव मोकळा, तो वयानं तरुण, आणि स्टूल तर पुसून देतो. आठ दिवसांत मास्तरांचं बायकोशी बोलणं बंद आणि जेवण अर्ध्यावर. आता पुरावा तेवढा हवा होता, आणि नेमका वहिनींचा कशिद्याचा रुमाल तात्यांच्या मशीनवर विसरून राहिला.

खुंट्यांवर तीन नवेकोरे कोट होते. एका गिऱ्हाइकानं टाकलेल्या तपकिरी कापडातून मास्तर, तात्या आणि नवा कारागीर, तिघांनी आपापला घरी शिवला होता आणि थंडी पडली म्हणून त्या दिवशी पहिल्यांदा घातला होता. आपला बाजूला ठेवला, तरी उरलेले दोन जुळे भाऊ. पण तात्या जातिवंत कारागीर, त्यांनी शिलाई पाहिली. एकाची बाही खांद्याशी वाकडी बसली होती. असली बाही नव्याशिवाय कोण लावणार? रुमाल त्या खिशात गेला.

संध्याकाळी नव्या कारागिरानं कोट चढवला. बाही अगदी सुरेख बसली होती. वाकडी बाही मास्तरांनी चढवली. खिशात हात गेला, रुमाल निघाला आणि मास्तर मटकन स्टुलावर बसले. नव्या संसारात वहिनी असाच रुमाल त्यांच्या खिशात ठेवायच्या.

"आणि मी हिच्याबद्दल काय काय मनात आणलं," ते म्हणाले, आणि कुलूप लावायचं तात्यांवर सोपवून घराकडे सुटले.

दुसऱ्या दिवशी वहिनी सकाळीच आल्या, त्या थेट तात्यांपाशी. तात्यांनी मनातल्या मनात मशीनला शेवटचा नमस्कार केला.

"रुमाल मी तुमच्या मशीनवर विसरले होते," त्या हळूच म्हणाल्या. "काल हे म्हणाले, चल, जरा फिरून येऊ. किती वर्षांनी! रुमाल मी ठेवला नव्हता, हे काही सांगितलं नाही मी."

तात्या सुईत दोरा ओवू लागले. सुईत दोरा आधीच होता.

"ह्यांना हल्ली नीट दिसत नाही, तात्या. म्हणून कात्री सोडली. सांगायची लाज वाटते. आता मापंही होत नाहीत. मी म्हटलं, टेप तात्यांकडे द्या. माणसाच्या मनातलं ओळखणारा माणूस आहे." दारातून त्या परत वळल्या. "खरं सांगा, मुद्दामच ठेवलात ना?"

"मुद्दामच ठेवला, वहिनी," तात्या म्हणाले. आठ दिवसांत त्यांच्या तोंडून निघालेलं ते पहिलं खरं वाक्य होतं.