पडून राहणाऱ्या गोळ्या

लोहखनिजाच्या गोळ्या भट्टीत न भाजता बनवायच्या, असा निर्णय कारखान्याने एकमताने घेतला. खनिजाच्या भुकटीत सिमेंट आणि पाणी घालायचं, फिरत्या तबकडीवर गोळ्या वळायच्या आणि ओल्या गोणपाटाखाली ठेवायच्या. त्या आपोआप कडक होतात. कोळसा नको, धूर नको. ही पद्धत बसवणाऱ्या रसायनवाल्या बाईंचा सत्कारही झाला.

दोन दिवसांनी मोठे साहेब शेडमध्ये आले.

"गोळ्या काय करतायत?"

"पडून आहेत, साहेब," बाई म्हणाल्या.

"अशा कधीपर्यंत?"

"महिनाभर तरी. त्यांना हात लावायचा नाही, एवढंच काम."

साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांच्या कारकिर्दीत इतकं उघडपणे कुणीच पडून राहिलं नव्हतं. त्यांनी तातडीने दोन देखरेख अधिकारी नेमले. नेमणूक झाली म्हटल्यावर त्यांनाही काहीतरी करून दाखवणं भाग होतं. ते रोज गोणपाट उचलून गोळ्या दाबून बघू लागले. गोळ्या फुटल्या. चौकशी समिती बसली. देखरेख अपुरी पडली, असा निष्कर्ष निघाला आणि दोनाचे आठ अधिकारी झाले.

बाईंनी हात जोडले. "साहेब, एक ढीग तरी माझ्या हवाली करा. तो बिघडला तर खुशाल भट्टी पेटवा, मी घरी बसते."

साहेबांनी मोठ्या मनाने मान्य केलं. बाई ढिगाजवळ खुर्ची टाकून बसल्या. मधूनच पाणी शिंपडायच्या, कुणी जवळ फिरकलं की खेकसायच्या. इकडे आठ अधिकाऱ्यांनी, पाहुण्यांना दाखवायला काहीतरी हवं म्हणून, रिकामीच भट्टी पेटवली. धूर बघून पाहुणे भारावले. "बिनभट्टीचं तंत्रज्ञान अगदी जोरात चाललंय!" म्हणाले.

तीन आठवड्यांत बाईंच्या ढिगातल्या गोळ्या वरून टणक झाल्या होत्या, आत जराशी ओल उरली होती. आणखी एक आठवडा, की बाईंचा जीव भांड्यात पडणार होता.

त्याच आठवड्यात आपण कारखाना बघायला आलात. निघताना साहेबांना सहज म्हणालात, "व्यवस्था उत्तम आहे हो. फक्त शेडमधल्या त्या बाई... पगार घेऊन नुसत्या बसूनच असतात का?"

आपल्या सूचनेची तत्काळ दखल घेण्यात आली. फावड्यांनी ढीग उपसून तपासण्यात आला, गोळ्या फुटल्या, आणि भट्टी आता रिकामी नसते. बाई घरी असतात. कारखाना आपला अत्यंत आभारी आहे.