सामाईक डिस्कच्या चार परगण्यांची मोहीम

कीबोर्डास नमन, वायरींच्या गुंत्यास नमन, आणि ऐनवेळी जी जात नाही त्या विजेस त्रिवार नमन करोन, सर्व्हरखान्यातील सामाईक डिस्कचे परगणे कैसे पाडिले त्याची हकीकत लिहितो. लिहिण्यात चूक आढळल्यास ती मशीनची समजावी.

कचेरीचे तळमजल्यावर, जेथे थंडी बहुत आणि बरी खुर्ची एकच, तेथे तीन सर्व्हर एका जुटीत नांदत होते. पहिल्याचा कारभार ताईसाहेबांकडे, दुसऱ्याचा मिशाजीरावांकडे, आणि तिसऱ्याचा मौनीबुवांकडे, जे कानांस हेडफोन लावोन बसत आणि हो-नाही याहून अधिक बोलणे इभ्रतीस बाध मानीत. या तिन्ही मशीनांत मिळोन एक थोरली डिस्क दाखल जाहली, कोरी करकरीत. तिचे चार भाग पाडावे आणि ते तिन्ही मशीनांवर सारखे दिसावे, ऐसा हुजुरांचा, म्हणजे मोठ्या साहेबांचा, हुकूम सुटला.

इकडे ताईंचे घरी निराळाच प्रसंग. मातोश्रींचे डोळ्यात मोतीबिंदूने ठाणे दिले होते आणि ऑपरेशन दुसरे दिवशी सकाळी. थोरले बंधू परमुलखी, फोनवरून सल्ला देण्यात मात्र मोठे शूर. मातोश्रींनी साफ सांगितले, "तू बरोबर असलीस तरच मी जाणार. नाहीतर मला नाही दिसलं तरी चालतंय." आणि साहेबांनी रजेच्या अर्जावर फर्माविले की, चारही भाग तिन्ही ठिकाणी दिसल्याखेरीज रजा नाही, मोतीबिंदू काय, पुढील महिन्यातही निघतो. हे बोल ताईंस फार झोंबले.

मग ताईंनी बाह्या सावरिल्या आणि आपले मशीनवर बैसोन, घाव घालोन, डिस्कचे चार परगणे पाडिले, आणि कोणास वर्दी न देता चहास निघोन गेल्या. ही त्यांची जुनी खोड, की काम आपण करावे आणि ते जाहले हे इतरांनी आपोआप ओळखावे.

आता या मशीनांची रीत ऐसी की, डिस्कचा नकाशा एकदा वाचला की तोच उराशी धरोन बसतात, आणि पुन्हा वाच म्हणोन हुकूम न केल्यास डिस्कवर प्रळय जाहला तरी यांस खबर नाही. सबब मिशाजीरावांचे पडद्यावर डिस्क कोरीच दिसे. रावांस दुसऱ्याची वाट पाहणे म्हणजे जिवावरचे. त्यांनी मिशीवर हात फिरविला आणि दोन टोलेजंग भाग पाडोन मोकळे जाहले. डिस्क एकच असल्याने ताईंचे चारही परगणे त्याच क्षणी बुडाले, आणि ताई तिकडे चहात बिस्कीट बुडवीत होत्या.

परत येवोन पाहतात तो त्यांचे पडद्यावर चार भाग कायम, रावांचे पडद्यावर दोन, आणि मौनीबुवांचे पडद्यावर शून्य. मग एकच रणधुमाळी माजली.

"अहो काका, चार आहेत, डोळ्यांनी बघा ना!"

"मी काय कानांनी बघतोय? दोन आहेत, ताई. दोन!"

अखेर हुजुरांस पाचारण जाहले. साहेबांनी तिन्ही पडदे गंभीरपणे न्याहाळिले, हनुवटी खाजविली, आणि तिघांनी मिळोन सरासरी काढावी ऐसे फर्मावोन मीटिंगास कूच केले.

ताईंस मात्र शंका आली. त्यांनी आपले मशीनास नकाशा फिरोन वाचण्याचा हुकूम केला, तो चार भाग गुप्त आणि रावांचे दोन समोर उभे. डिस्क कोरी म्हणोन आतला माल बुडाला नाही, परंतु दुपार कलत होती, आणि घरी मातोश्री पिशवी भरोन बसल्या होत्या. रावांवर तोंडाची तोफ डागावी इतक्यात ताईंस उमगले की, वर्दी तर आपणच दिली नव्हती.

"चूक माझी आहे, काका," त्या म्हणाल्या. "मी सांगायला हवं होतं."

रावांनी लढाईची जय्यत तयारी केली होती, ती सर्व वाया गेली. ते हिरमुसोन म्हणाले, "मग मी आता काय, हाताची घडी घालून बसू?"

"हो. प्लीज, तेवढंच करा."

मग मौनीबुवांचे हेडफोन उतरविले, रावांनी हात काखेत दाबिले, आणि ताईंनी मोठ्याने बोलत, प्रत्येक हुकूम उभयतांस ऐकवीत, ते दोन भाग मोडोन चार पाडिले. आणि मग दुसरे मशीनवर जावोन नकाशा वाचविला, तो चार दिसले; मग तिसरे मशीनवर वाचविला आणि तिघेही श्वास रोखोन उभे राहिले.

"दिसले," मौनीबुवा वदले. त्या सालातील त्यांचे हे सर्वांत जोरकस भाषण होय.

रावांनी आनंदाने ताईंचे पाठीवर ऐसी थाप दिली की त्यांचा चष्मा उडाला. साहेबांनी रजेवर सही केली आणि मोहीम आपण जातीने फत्ते केल्याचा ईमेल वरिष्ठांस रवाना केला. ताईंनी तो वाचलाही नाही. त्या केव्हाच जिना चढोन पार जाहल्या होत्या.

ऑपरेशन यथासांग जाहले, ताई शेजारीच होत्या. पट्टी उतरली तेव्हा मातोश्रींनी प्रथम लेकीकडे पाहिले, बराच वेळ निरखोन पाहिले, आणि गालावरून हात फिरवोन म्हणाल्या, "अगं बाई, तुझे केस कधी गं एवढे पिकले?"

ताई हसता हसता रडू लागल्या.

येणेप्रमाणे तीन मशीन, एक डिस्क आणि एक डोळा सर जाहला, फत्ते दफ्तरी दाखल केली. आपले बाजूचे जखमी: एक, ताई, त्याही मातोश्रींचे नव्या नजरेने.