गुरप्पा, चौकशी

गुरप्पाअण्णांना नुसतं "काय अण्णा, बरं आहे ना?" असं विचारलं तरी ते आधी घड्याळ बघतात. मग घसा साफ करून, जाळीपलीकडच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगतात, "बरं हाय. सकाळी गुडघा धरला हुता, धा वाजून वीस मिनिटांनी सुटला." माहिती दिली की तुमच्या खांद्यावरून मागं बघतात, रांगेत पुढचा कोण आहे म्हणून. मागं बहुतेक वेळा आमच्या बिल्डिंगचा पाण्याचा पंप असतो.

अण्णांनी बसस्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीत तीस वर्षं काढली. रिटायर होऊन आठ वर्षं झाली, तरी मोबाईल वाजला की ते अजून "गुरप्पा, चौकशी" म्हणूनच उचलतात. लग्नाचं आमंत्रण द्यायला फोन करणारे गडबडून जातात. मुलगी अकलूजला दिली आहे, बायको जाऊन पाच वर्षं झाली. आमच्या खालच्या मजल्यावर ते एकटेच राहतात.

मी वरच्या मजल्यावर. वय बेचाळीस, दिवसभर सात रस्ता चौकाजवळच्या एका ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसतो आणि संध्याकाळी घरी येऊन परत कॉम्प्युटरसमोर बसतो. या वयात लोक जिमला जातात, निदान जाणार असल्याचं सांगतात तरी. मी एक नवा ऑनलाइन गेम घेतला. त्यात जंगलं, किल्ले, लांब कानांचे तिरंदाज, आग ओकणारे प्राणी असतात, आणि जगभरातली हजारो माणसं एकाच वेळी तलवारी घेऊन धावतात. ऑफिसातल्या चौघांची आणि माझी एक टोळीही जमली.

गेमबरोबर मी हेडफोनही घेतला. आवाज झकास येतो, असं बायकोला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं, आणि ते लिहिताना मला लाज वाटते आहे. माझे वडील, आबा, कापडाच्या मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, होते. मिल बंद पडून जमाना झाला. गेल्या वर्षापासून आबांना मागचंच आठवतं, पुढचं राहत नाही. ते हॉलमध्ये कॉटवर बसतात आणि दर दहा मिनिटांनी विचारतात, "बाळू, भोंगा झाला का रं?" सुरुवातीला मी समजावून सांगायचो की मिल बंद पडली आबा. मग त्यांचा चेहरा पडायचा. प्रत्येक वेळी मिल त्यांच्यासाठी नव्यानं बंद पडायची. पुढं मी नुसतं "झाला" म्हणू लागलो, मग तेही सोडलं. हेडफोन घातल्यावर तर प्रश्नच मिटला.

एका संध्याकाळी अण्णा चाळण परत द्यायला वर आले आणि माझ्या स्क्रीनसमोर थांबले.

"हे कुठलं गाव?"

"गाव नाही अण्णा, गेम आहे."

"आसंल की. पर फाटा कुठनं फुटतोय?"

मला गंमत वाटली. मी जुना लॅपटॉप काढून त्यांना शेजारी बसवलं. खेळायला पात्र म्हणून दाढीवाला बुटका त्यांनी पसंत केला. चष्मा मिळेल का विचारलं, तो नव्हता. नाव काय ठेवायचं म्हटल्यावर म्हणाले, "गुरप्पा, चौकशी." गेमनं मधला स्वल्पविराम घेतला नाही, याचं त्यांना दोन दिवस वाईट वाटत होतं.

या गेममध्ये पहिली कामगिरी सगळ्यांना सारखीच असते. एक बाई दहा लांडग्यांची कातडी आणायला सांगते.

"धाच का?" अण्णांनी विचारलं.

"तसंच असतं."

"थंडी हाय का तितं? का इकती ती? इचार की तिला."

तिला विचारता येत नाही म्हटल्यावर अण्णांनी काम नाकारलं. माहिती अपुरी आहे, म्हणाले. तिथून ते निघाले ते थेट गावाच्या वेशीवर जाऊन उभे राहिले.

वेशीवर एक म्हातारा दगडावर बसलेला असतो. शोभेचाच. त्याच्यावर क्लिक केलं की इंग्रजीत एक वाक्य येतं, ते मी अण्णांना मराठीत सांगितलं: "वाटसरू, उत्तरेकडचा तांडा आला का?" हजारो लोक त्याच्यासमोरून धावत जातात, मीही गेलो होतो. अण्णा थांबले. एका बोटानं त्यांनी टाइप केलं, "बघून सांगतो," आणि उत्तरेला चालू लागले.

पहिल्या दिवशी त्यांना लांडग्यांनी खाल्लं. दुसऱ्या दिवशी ते दरीत पडले. तिसऱ्या दिवशी पुलापर्यंत पोचले, तर पलीकडं नुसतं धुकं. गेम बनवणाऱ्यांनी तिथं काही काढलंच नव्हतं. अण्णा तसेच मागं फिरले, म्हाताऱ्यासमोर उभे राहिले आणि इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं, "तांडा आलेला नाही. पूल बंद आहे. उद्या चौकशी करावी." मग क्लिक केलं. म्हाताऱ्यानं विचारलं, "वाटसरू, उत्तरेकडचा तांडा आला का?" अण्णांनी सगळं परत लिहिलं, एक अक्षर न गाळता.

हे तीन आठवडे चाललं. रोज संध्याकाळी अण्णा वर यायचे, पुलापर्यंत जाऊन बघून यायचे आणि म्हाताऱ्याला सांगायचे. हे बोलणं आजूबाजूच्या सगळ्या खेळाडूंना दिसतं. शेवटी आमच्या टोळीतल्या एकानं लिहिलं, "हा बुटका येडा कोण आहे रे? मराठी लिहितोय. तुझ्या ओळखीचा आहे का?"

मी लिहिलं, "नाही. मी ओळखत नाही."

अण्णा वीतभर अंतरावर बसले होते. समोर आलेला मजकूर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचा, ही त्यांची सवय. त्यांनी मान पुढं करून माझं वाक्य वाचलं, चष्मा सारखा केला आणि परत आपल्या लॅपटॉपकडं वळले. ते काही बोलले असते तर बरं झालं असतं. चोर तो चोर वर शिरजोर, तसा मीच चिडलो. हेडफोन काढून टेबलावर आपटला.

"अण्णा, तो माणूस नाही हो. त्याच्यात एकच वाक्य भरलंय. तुम्ही काहीही सांगा, त्याला कळत नाही, त्याच्या लक्षात राहत नाही. तो परत तेच विचारणार. कशाला उत्तर देत बसता?"

मागं हॉलमधल्या कॉटवरून आबांचा आवाज आला, "सायेब, भोंगा झाला का?"

सायेब म्हणजे मी नव्हे. अण्णांनी खुर्ची वळवली, घड्याळ बघितलं, घसा साफ केला. "साडेतीनचा झाला, आबा. आता रातपाळीचा बारा वाजता. तुमची पाळी सकाळी सातची. निवांत बसा."

"बरं, बरं," आबा म्हणाले आणि भिंतीला टेकले. त्यांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. तो चेहरा मी वर्षभरात पाहिला नव्हता.

"हे रोज चालतं?" मी विचारलं.

"व्हय की. तुझ्या कानावर ते असतंय."

"पण मिलच्या वेळा तुम्हाला कशा माहीत?"

"न्हवत्या म्हाईत. मग चौकशी केली. पानटपरीजवळ मल्लेशम बसतोय, जुना साचेवाला. त्याच्याकडनं तिन्ही पाळ्या लिहून घेतल्या. आबा कुठल्या खात्यात हुते, त्येबी त्यानंच सांगितलं. म्हाईत नसताना सांगू न्हाय."

मी म्हणालो, "तेच तेच सांगून कंटाळा येत नाही?"

"आपल्याला प्रश्न शंभरावा असतोय. इचारणाऱ्याचा पयलाच असतोय की." अण्णा लॅपटॉपकडं वळले. "आन् आता मला इचारतंय कोण? गाड्यांच्या येळा मोबाईलात दिसत्यात. दिवसाकाठी आबा तेवढे इचारतेत." मग हात झटकून "होगली बिडू" म्हणाले. विषय सोडून द्यायचा असला की ते कानडीत शिरतात. लॅपटॉप मिटून, येतो म्हणून ते खाली गेले.

दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. मला वाटत होतं तीन आठवडे ते माझ्या गेमसाठी येतात. मी त्यांच्यावर उपकार करतोय, असंही मनात कुठंतरी होतं.

तिसऱ्या संध्याकाळी आबांनी रिकाम्या खुर्चीला विचारलं, "सायेब, भोंगा झाला का?"

मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो. "साडेतीनचा झाला, आबा."

"आन् म्होरला?"

मला आठवेना. दोन दिवसांपूर्वी माझ्यासमोर सांगितलेलं मला आठवेना. त्या भोंग्यावर आमचं घर चाललं, माझ्या शाळेच्या फिया भरल्या गेल्या, आणि तो किती वाजता व्हायचा हे मी जन्मात कधी आबांना विचारलं नव्हतं. ते विचारायला अण्णांना पानटपरीवर जावं लागलं. आबा वाट बघत होते. मी मान खाली घालून उठलो आणि जिना उतरलो.

अण्णांचं दार उघडंच होतं. ते कॉटवर बसून घडी केलेलाच टॉवेल पुन्हा घडी करत होते. माफी मागायची म्हणून मी वाक्य जुळवत आलो होतो, ते दारातच विस्कटलं. "अण्णा, त्या दिवशी मी ओळखत नाही असं लिहिलं..." एवढं म्हणून अडकलो. मग म्हणालो, "आबा पुढचा भोंगा विचारतायत. मला माहीत नाही."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मग घड्याळाकडं. "रातपाळीचा बारा वाजता. सकाळचा सात. दुपारचा साडेतीन. लिहून घेतोस का?"

"नको. तुम्हीच वर चला. मी चुकलो, अण्णा."

अण्णांनी टॉवेल ठेवला आणि ते पायानं चपला शोधू लागले.

जिना चढताना मी विचारलं, "रातपाळीचा किती वाजता म्हणालात?"

"बारा."

आणखी दोन पायऱ्या चढून मी परत तेच विचारलं. मला नीट ऐकू आलं होतं. अण्णा थांबले, कठड्याला धरून त्यांनी दम घेतला आणि तिन्ही भोंग्यांच्या वेळा पहिल्यापासून सांगितल्या, सावकाश, एकेक वेगळी करून, लांबच्या खेड्यातनं आलेल्या माणसाची शेवटची गाडी चुकू नये म्हणून सांगावं तशा.