घसरगुंडीचा तीनशे पासष्टावा दिवस

भूगोलाचा धडा घरात न वाचता गाडीत बसून वाचायचा, एवढाच निर्णय मी त्या संध्याकाळी घेतला होता. त्यात चुकीचं काय होतं, ते मला अजूनही नीट सांगता येत नाही. (त्यातून काय झालं, ते मात्र आमच्या इमारतीतला कुणीही सांगेल.)

आधी गाडीबद्दल सांगायला हवं. आमची गाडी स्पोर्ट्‌स कार आहे. ठेंगणी, गडद निळी, दोन सीटची, आणि तिचं इंजिन पुढे नाही. ते सीटच्या पाठीमागे, गाडीच्या मधोमध बसवलेलं आहे. म्हणजे आपण बसलो की आपल्या मणक्यामागे एक भिंत आणि भिंतीपलीकडे इंजिन. पुढे बॉनेट उघडलं तर डिकी. मागे झाकण उघडलं तर आणखी एक छोटी डिकी. अशी गाडी लोक झाकून ठेवतात आणि महिन्यातून एका रविवारी फिरवतात. माझे बाबा ती रोज कामावर नेतात.

बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. दिवसभर माणसांना वरखाली करणाऱ्या माणसाला एकदा तरी सरळ आणि जोरात जावंसं वाटलं, तर त्यात नवल नाही. त्यांनी आमची जुनी चार दारांची गाडी विकली, साठवलेले पैसे घातले आणि कुणाची तरी पंधरा वर्षं वापरलेली (खरं तर पंधरा वर्षं न वापरलेली) ही गाडी घरी आणली.

आईने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "बाकीची कुठाय?"

"एवढीच आहे."

"आपण तिघं आहोत, अहो."

"तिघं एकाच वेळी एकाच ठिकाणी कधी जातो, सांग बघू? मी महिनाभर लक्ष ठेवलं. एकदा गेलो. तेही जिन्याने, दुसऱ्या मजल्यावर."

आई पडदे शिवते आणि लोकांच्या घरी नेऊन लावते. तिने दार उघडलं, बसायला गेली आणि थेट खाली गेली. तेव्हापासून ती गाडीला घसरगुंडी म्हणते. बाहेर येताना बाबांनी दोन्ही हात धरून ओढलं तेव्हा ती उतरली नाही, जमिनीतून उगवली. उगवल्याबरोबर तिने अट घातली.

"एक वर्ष. उन्हात, पावसात, थंडीत, एकही दिवस न चुकता. तुमचं काम, माझे पडदे आणि हिची शाळा, तिन्ही झालं पाहिजे. ज्या दिवशी ही गाडी नाही म्हणेल, त्या दिवशी ती वरच्या डॉक्टरांना द्यायची."

वरचे डॉक्टर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर. ते स्वतः एवढ्या मोठ्या आणि उंच गाडीतून फिरतात, की तिच्यात चढायला पायरी आहे. पण जीव आमच्या गाडीत. जिन्यात भेटले की बाबांना विचारायचे, "काय हो, माझी गाडी काय म्हणते?"

पंच म्हणून मला नेमण्यात आलं. कारण मी कुणाची बाजू घेत नाही. (मी काहीच बोलत नाही. घरच्यांना ते निःपक्षपातीपणासारखं दिसतं.) रोज संध्याकाळी कॅलेंडरवर बरोबरची खूण करायची, एवढंच माझं काम.

आणि काय सांगू, खुणा होतच गेल्या. धो धो पावसात बाबा तिला इतकं सांभाळून चालवायचे, की सायकलवाले मागे वळून बघत पुढे निघून जायचे. कडाक्याच्या थंडीत डॉक्टरांची उंच गाडी सकाळी खोकत बसायची आणि आमची पहिल्याच किल्लीला जागी व्हायची. शाळेजवळच्या गतिरोधकावरून ती सरळ जाऊ शकत नाही, पोट घासतं. म्हणून बाबा तिला तिरकी करून एकेक चाक चढवतात आणि एकेक उतरवतात. तेवढा वेळ सगळा रस्ता थांबतो. पहिल्या महिन्यात लोक हॉर्न वाजवायचे. तिसऱ्या महिन्यात समोरचा चप्पल शिवणारा दुकानातून उठून हात दाखवायला लागला, "या, या, अजून थोडं, हं, आलं!" आणि चौथं चाक उतरलं की फळवाल्या मावशी टाळी वाजवायच्या. (मी तेवढा वेळ दप्तर तोंडासमोर धरून बसायचे.)

सकाळी बाबा दोन फेऱ्या मारायचे, आधी मी, मग आई; आईचे पडद्याचे रॉड मात्र पहिल्याच फेरीपासून माझ्या कानाजवळून खिडकीबाहेर जायचे. बाबांचा डबा मागच्या डिकीत, इंजिनाच्या उबेत, दुपारपर्यंत गरम राहायचा. त्यांच्या कामावरचे लोक आधी गाडीला हसले आणि मग आपापले डबे तिच्यात ठेवायला घेऊन आले. कुणाला सांगितलं नाही, पण मला ती गाडी फार आवडायला लागली होती. ती घरी आली की बराच वेळ पाठीमागून टिक, टिक, टिक असा आवाज येतो. इंजिन थंड होत असतं. दमून आलेलं कुणीतरी शेजारी बसून बोटं मोडतंय, असं वाटतं.

तर तीनशे चौसष्टाव्या दिवशी संध्याकाळी आईचं शिवणयंत्र घरात खडखडत होतं. नव्या वाचनालयाचे बारा पडदे होते. मी किल्ली घेतली आणि तळघरातल्या पार्किंगमध्ये गाडीत जाऊन बसले. भूगोल उघडला. वाऱ्यांचे प्रकार. मग समोरचा कप्पा उघडला, कारण त्यात गाडीचं माहितीपुस्तक असतं. चारशे पानांचं. वाऱ्यांचे प्रकार बाजूला राहिले. कप्प्याजवळच्या छोट्या दिव्याखाली मी दोनशे चौदाव्या पानापर्यंत आले, तेवढ्यात आईने हाक मारली. पडदे खाली आणायचे होते. आम्ही ते पुढच्या डिकीत नीट घड्या घालून ठेवले. बाबांनी त्यांची हत्यारांची पिशवीही तिथेच ठेवली. डिकी बंद केली आणि वर गेलो.

तो छोटा दिवा आपोआप बंद होत नाही. हाताने बंद करावा लागतो. बाबांनी मला हे निदान दहा वेळा सांगितलं होतं.

सकाळी सव्वाआठला बाबांनी किल्ली फिरवली. काही झालं नाही. पुन्हा फिरवली. गाडीने घसा साफ केल्याचाही आवाज केला नाही.

"बॅटरी उतरली," बाबा म्हणाले. "काही नाही, पाच मिनिटांचं काम. दुसऱ्या गाडीची वीज घेऊ. वायरी आहेत आपल्याकडे."

"कुठे?" आईने विचारलं.

"डिकीत."

"मग उघडा."

बाबांनी डिकीचं बटण दाबलं. मग पुन्हा दाबलं. मग त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. त्या गाडीची बॅटरी पुढच्या डिकीत असते आणि डिकी विजेवर उघडते.

"म्हणजे," आई एकेक शब्द मोजत म्हणाली, "बॅटरी आत आहे, आणि ती बाहेर काढायला बॅटरी लागते?"

"हो."

"वायरी आत. तुमची हत्यारं आत. आणि माझे बारा पडदे आत. दहा वाजता वाचनालयाचं उद्घाटन आहे, अहो!"

"ढकलून चालू करू?"

आईने वर जाणाऱ्या चढाकडे बोट दाखवलं. तो चढ लिफ्टने जावा एवढा उभा आहे.

एव्हाना वॉचमनकाका आले होते. त्यांच्या मागून शेजारच्या काकू, आणि काकूंच्या मागून, ब्रीफकेस हातात घेऊन, दातांचे डॉक्टर. वर्षभरात ते इतके प्रसन्न कधी दिसले नव्हते.

"काय म्हणते माझी गाडी?"

"डॉक्टर, जरा थांबा," बाबा म्हणाले.

"मी थांबतोच आहे. तीनशे पासष्ट दिवस थांबलोय. झाकण अडकलंय का? कडेने हळूच काहीतरी घालून, असं हलवून, वर उचललं की…"

"ती दाढ नाही हो!" बाबा डिकीवर आडवे पडले.

मला बाबांचं फार वाईट वाटलं. दोन मजल्यांच्या मध्ये वीज जाऊन अडकलेल्या लिफ्टचं दार उघडणं हा त्यांचा धंदा. आजवर त्यांनी किती माणसं बाहेर काढली असतील. आणि आज त्यांना बारा पडदे बाहेर काढता येत नव्हते. ते आडवे पडल्या पडल्या गाडीवर हात फिरवत होते. निरोप देताना फिरवतात तसा.

आई माझ्याकडे वळली. "पंच. निकाल?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला हे मुळीच सहन होत नाही. वर्गात हजेरी घेतानाही मी हात वर करते, तोंड उघडत नाही. पण गाडी नाही म्हणालेलीच नव्हती. तिला मी नाही म्हणायला लावलं होतं. हे मी सांगितलं नाही, तर ती आजच्या आज तिसऱ्या मजल्यावर जाणार होती.

"दिवा," मी म्हणाले.

"काय?" आई.

"दिवा मी…"

"जीवा? कोण जीवा?" काकू.

"मोठ्याने बोल, बाळ," वॉचमनकाका म्हणाले. "तळघर आहे, घुमतं."

मी डोळे मिटले. "दिवा मी चालू ठेवला! काल! मी भूगोल वाचतच नव्हते! गाडीची काही चूक नाही!"

तळघर खरंच घुमतं. "नाही, नाही, नाही" असं चारी भिंतींवरून परत आलं. वर कुणीतरी खिडकी उघडल्याचा आवाज झाला. बाबा डिकीवरून उठले आणि माझ्याकडे असे बघायला लागले, जणू त्यांना आज एक मुलगी झाली होती.

"आणि," मी म्हणाले (एकदा तोंड उघडलंच होतं), "दोनशे चौदाव्या पानावर आहे. उजव्या पुढच्या चाकाच्या वर, प्लास्टिकच्या आत कडी लावलेली एक दोरी आहे. ती ओढली की झाकण उघडतं. विजेशिवाय."

बाबा झोपून चाकामागे शिरले. हात मनगटापर्यंत गेला आणि अडकला. "कडी बोटांना लागतेय, पण धरता येत नाही!"

मग मी झोपले. गणवेशासकट. माझा हात सरळ आत गेला. अंधारात बोटांना एक गार कडी लागली. मी ओढली.

टक.

झाकण दोन बोटं वर आलं. काकूंनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी पहिल्यांदा पडदे आईच्या हातात दिले आणि मग वायरी शोधल्या. आता वीज हवी होती, आणि तळघरात दुसरी गाडी एकच उरली होती. सगळ्यांनी डॉक्टरांकडे बघितलं.

डॉक्टरांनी ब्रीफकेस खाली ठेवली. नंतर गुपचूप आपली उंच गाडी सुरू करून शेजारी आणून लावली. "असू दे," ते म्हणाले. "माझ्याच गाडीला माझीच वीज."

वायरी जोडल्या. बाबांनी किल्ली फिरवली. आणि तो आवाज आला. आधी एक खोल श्वास, मग गुरगुर, मग सगळं तळघर भरून टाकणारं ते गाणं. डॉक्टरांनी चक्क डोळे मिटले. आईसुद्धा पडदे छातीशी धरून ऐकत राहिली. मग म्हणाली, "मी बघत काय बसलेय? पावणेनऊ झाले! चला हो!"

पडदे डिकीत, आई सीटवर घसरली, दार बंद. गाडी चढावरून अशी गेली, की निळी रेघच दिसली.

मी चढाच्या तळाशी, दप्तर पाठीला, उभी होते. "मी?" असं मी विचारलं होतं. पण दिवसभराचा सगळा आवाज मी दिव्यावर खर्च करून बसले होते, आणि जो उरला तो इंजिनाने खाल्ला.

शाळेत मला डॉक्टरांनी सोडलं. वाटेत ते एकच वाक्य बोलले. "मघाशी ओरडलीस ना, तेव्हा दिसलं. खालची डावी दाढ किडलीय. शनिवारी ये."

संध्याकाळी आई वाचनालयाच्या बाईंनी पडद्यांचं किती कौतुक केलं ते सांगत होती. मग ती म्हणाली, घाईच्या वेळी घसरगुंडी बरी पडते, दोनच मिनिटं उरली असताना शेवटचा पडदा लावून झाला. आईच्या तोंडून बरी हा शब्द ऐकून बाबांना ठसका लागला.

"पंच," आईने पेन माझ्यासमोर ठेवलं. "कर खूण."

मी पेन उचललं आणि खाली ठेवलं. पंचाने खोटं बोलू नये. "बाबांचं काम झालं. पडदे झाले. पण तिसरी अट… शाळा. मी गाडीत नव्हते."

बाबांचं तोंड उघडंच राहिलं. "नव्हतीस? मला वाटलं, तुला काकूंनी… म्हणजे मला वाटलं, आईने काहीतरी…"

त्यांनी आईकडे बघितलं. मीही बघितलं. वर्षभर जपलेली गाडी आता माझ्यापायी जाणार होती.

आई विचारात पडली. "थांब. तू विचारलंस का, मी कशी येऊ म्हणून?"

"विचारलं. हळू."

"मग ती तुझी चूक. गाडीची नाही." तिने पेन उचललं आणि कॅलेंडरवर स्वतःच एवढी मोठी खूण केली, की ती पुढच्या महिन्यात शिरली. "गाडी राहिली."

बाबा गॅलरीत जाऊन उभे राहिले. बहुतेक डोळे पुसत होते. मी आईला विचारलं, "पण आई, तुला एकदाही वाटलं नाही, ही कुठे गेली?"

"अगं, त्या घाईत मला वाटलं, तू मागे कुठेतरी शिरलीस."

"मागे इंजिन असतं, आई."

"ते तेव्हा कुठलं आठवायला?" आई म्हणाली. "मागून सारखा आवाज येत होता. मला वाटलं, पोरगी आज एकदाची बोलायला लागली!"