हिरामणदादांची टर्बो जीप

नावडे गावात हिरामणदादांना कुणी नमस्कार केला की ते हातात सायकलचा पंप देत. "मार जरा. मी दाबाचा काटा बगतो." जावई पहिल्यांदा घरी आला, त्यालाही आधी पंप मिळाला, चहा नंतर.

पंपाची नळी टायरला नसे, जीपच्या बॉनेटखालच्या एका डबीला असे. तळोज्याच्या भंगारातून दादांनी परदेशी यंत्राचा टर्बो आणून आपल्या डिझेल जीपला बसवला होता. इंजिनाच्या धुरावर पंखा फिरे आणि इंजिनात जादा हवा कोंबे. हवेचा दाब फार वाढला की डबीतली दांडी सरके, झडप उघडे आणि धूर बाजूने निघून जाई. दांडी आखूड केली की झडप उशिरा उघडे, जीपला जोर चढे. झडप नेमकी किती दाबाला उघडते, हे दादा पंप मारायला लावून तपासत.

मी तेव्हा गावच्या जमिनी वाचवायच्या आंदोलनासाठी पत्रकं लिहीत होतो. सरकारवर असो की इंजिनात, दाब वाढलाच पाहिजे, हे माझं ठाम मत.

"दादा, झडप कायमची बंद करा!"

"यो इंजिन हाय, तुजी सभा नाय. फुटंल."

दादांची लेक सुगंधा डोंगरापलीकडे दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. पण खाणीच्या ज्या डंपरांनी डोंगर खाल्ला, त्यांनीच वाटही खाल्ली होती. चढावर गुडघाभर चिखल. टर्बो नव्हता तेव्हा जीप अर्ध्यातून मागे घसरली होती. व्याह्यांचा निरोप आला, "घरात आई नाही. राहू द्या पोरीला इथेच."

दादा पेटले. "आई नाय तं माहेर नाय काय?"

दांडी आखूड करून आम्ही निघालो. चढावर टर्बोने शिट्टी धरली, मी घोषणा दिली.

"गप रं! शिट्टी ऐकू दे."

स्टिअरिंगपुढे बसवलेल्या दाबाच्या काट्यावरची नजर न हलवता त्यांनी जीप माथ्यावर नेली.

परतताना सुगंधा पुढे बसली. दादा पाना घेऊन बॉनेटखाली वाकले आणि दांडी पुन्हा लांब केली.

"आता सैल कशाला?"

"हिसका बसंल तिला."

"आणि रुतली तर?"

"तं तू हायस ना ढकलाला."

घर येईपर्यंत त्यांनी काट्याकडे एकदाही पाहिलं नाही. खड्डा आला की डावा हात गिअर सोडून सुगंधाच्या पोटासमोर आडवा होत होता.