वाहिदशेठच्या काट्यावरची नोकरी

मुलांनो, डोळ्यांपुढे एक आजोबा आणा. निवृत्त होऊन पाच महिने झालेत, तरी सकाळी नऊला इस्त्रीचा शर्ट घालून कळसाडी गावातल्या आपल्या घराच्या ओट्यावर बसतात. शहाद्याची बस येते, थांबते, जाते. ती वळणाआड दिसेनाशी होईपर्यंत आजोबा तिच्याकडे पाहत राहतात. हे पितांबरआप्पा, नंदुरबारच्या एका सरकारी कचेरीतले माजी हेडक्लार्क.

असा माणूस घरी बसला की घराचं काय होतं, विचारा निर्मलाबाईंना! त्यांनी केलेली किराण्याची यादी आप्पांनी 'तारीख नाही' म्हणून दोनदा परत पाठवली होती. त्यामुळे कापसाची सरकी काढणाऱ्या जिनिंगचे मालक वाहिदशेठ नोकरी घेऊन दारात आले, तेव्हा सर्वांत आधी चहा टाकला तो निर्मलाबाईंनी.

"आप्पा, कापूस येवाले लागना. काटावर तुम्हनासारखा चोख माणूस जोयजे," वाहिदशेठ म्हणाले.

आप्पांच्या डोळ्यांपुढे कापसाचा वजनकाटा आला, गाड्यांची रांग आली, 'आप्पा, मन्ही पावती!' असा गलका आला. चेहरा उजळला. मग एकदम पडला.

"शेठ, नियम शे. तुम्हना कागद मन्हा टेबलवरथून जायेत. रिटायर व्हयनावर वर्षभर अशा ठिकाणी नोकरी करानी तर सरकारनी परवानगी लागस."

"मंग मांगा ना परवानगी! महिनाभर जागा धरस मी. मंग मात्र दुसरा माणूस देखना पडी."

आप्पांनी त्याच दिवशी तीन प्रतींत अर्ज केला. तिसरीतली नात ममता रोज त्यांच्याबरोबर पोस्टमनची वाट पाहू लागली. पोस्टमन विजेचं बिल देऊन जायचा. एकोणतिसाव्या दिवशी आप्पा ममताचा हात धरून नंदुरबारला निघाले.

कचेरीच्या जिन्यावर जुन्या फायलींचा वास आला आणि आप्पा क्षणभर कठड्याला धरून उभेच राहिले. तरुण कारकून योगेंद्र धावत आला. "आप्पा! बठा, बठा."

"मन्हा अर्ज कोठे अडकना?"

योगेंद्र डोकं खाजवू लागला. "असं शे आप्पा, अर्ज पहिले हेडक्लार्ककडे जास. तुम्हनी जागा अजून भरेल नही. म्हणीसन तो तुम्हनाच टेबलवर पडेल शे."

योगेंद्र चहा सांगायला गेला. आप्पा खुर्चीत बसले. नुसतं टेकायचं होतं त्यांना. पण समोर ढीग होता, आणि ढिगावर पहिलाच कागद होता. हात आपोआप गेला. ममता बघत राहिली. आप्पांनी चष्मा लावला, अर्ज वाचला, नापसंतीने मान हलवली आणि कोपऱ्यात लाल शाईने लिहिलं, 'जोडपत्र नाही. पूर्तता करून पुन्हा सादर करावा.'

"आप्पा!" योगेंद्र दारातच ओरडला. "तुम्हीन तुम्हनाच अर्ज परत करी टाका?"

"जोडपत्रच नही, तर मी काय करू?"

"आते तुम्हले शेरा माराना अधिकार नही ना!"

आप्पांचं तोंड उतरलं. आवाज ऐकून साहेब बाहेर आले. त्यांनी अर्ज वाचला, शेरा वाचला आणि हसू दाबत म्हणाले, "आप्पा, हा नियम वर्ग एकच्या अधिकाऱ्यांसाठी आहे. तुम्हाला परवानगी लागतच नाही."

दुसरा कोणी आनंदाने उडाला असता. आप्पा हळूच म्हणाले, "म्हणजे, साहेब, माझ्यापासून सरकारला काहीच धोका नाही?"

"छे छे! अजिबात नाही," साहेबांनी धीर दिला.

संध्याकाळच्या बसने दोघं घरी परतले.

"काय व्हयनं?" निर्मलाबाईंनी दारातच विचारलं. "वाहिदशेठना दोनदा फोन उना. उद्या दुसरा माणूस ठेवस म्हणे."

"परवानगी लागत नही म्हणे. पण ते तोंडी सांगं साहेबनी. लेखी जोयजे." आप्पांनी कोरा कागद ओढला आणि लिहायला घेतलं, 'विषय : परवानगीची गरज नसल्याचे लेखी कळविण्याबाबत.'

"आप्पा," ममताने विचारलं, "तुम्हले काटावर जावानं शे का नही?"

पेन थांबलं. आप्पांनी रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं. "शे ना, बेटा," ते म्हणाले. "खूप जावानं शे."

मग ममताने आजीचा फोन उचलला, वाहिदशेठना लावला, "आप्पा उद्या सकाळे येतीन," एवढंच सांगितलं, आणि पलीकडून काही विचारणा व्हायच्या आत बंद केला.